साठीशांतीतलं ई.सी.जी.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की माणसाला टेबलावर आडवं करायचं, पण घाबरू द्यायचं नाही. घाबरलेल्या माणसाचे स्नायू थरथरतात. ती थरथर कागदावर उतरली, की हृदयाची रेघ गवतात पायवाट हरवावी तशी हरवते. म्हणून ई.सी.जी. काढणाऱ्याला यंत्रापेक्षा बोलणं जास्त यावं लागतं. तंजावरात मला ते तमिळ, मराठी आणि थोडं इंग्रजी असं तिन्ही भाषांत करावं लागलं. गावात मला अजून ‘ईसीजी राव’ म्हणतात. माझं खरं नाव माधव आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसेल.

मी सांगतोय ते नव्वदीचं दशक. गल्लीगल्लीत एस.टी.डी.चे बूथ उघडत होते, घरांवर केबलच्या तारा चढत होत्या, आणि जुन्या बसस्टँडमागं एका नर्सिंग होममध्ये मी नुकताच कामाला लागलो होतो. आमचं यंत्र एका वेळी एकच रेघ काढायचं. तापलेली सुई कागदाच्या अरुंद पट्टीवर टिकटिक करत चालायची आणि कागद किंचित करपल्याचा वास यायचा. मग ती लांबलचक पट्टी कात्रीनं कापायची, हातापायांच्या आणि छातीवरच्या रेघांचे तुकडे कार्डावर ओळीनं चिकटवायचे. बोटांना सदा डिंक. आज संगणक एका दमात सगळं छापून देतो, वर निदानही लिहितो. मला मात्र तो टिकटिक आवाज अजून आठवतो. त्या काळच्या पट्ट्या आता फायलीत कोऱ्या पडल्यात. उष्णतेनं उमटलेली रेघ उष्णतेच्या गावात टिकत नाही.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका नादस्वरम्, म्हणजे इकडची लांब सनई, वाजवणाऱ्याला मी म्हटलं, “श्वास धरा.” सगळ्या रेघा काढून झाल्या, मी कागद फाडला, तरी ते तसेच पडलेले. मी घाबरून हलवलं, तर डोळे उघडून म्हणाले, “इतक्यातच झालं?” एका म्हातारीनं तारा लावून घेण्याआधी हळूच विचारलं होतं, “सुनेविषयी मनात आहे तें यांत उमटतं काय रे?” नाही म्हटल्यावर तिचं हृदय एकदम शांत चाललं.

पण मला सांगायचं आहे ते चंद्राच्या घराविषयी.

चंद्रा सात वर्षांची होती. कावेरीपलीकडच्या एका गावातून तिला तिचे आईवडील, सरोजा आणि कृष्णराव, घेऊन आले. मुलगी जन्मापासून बहिरी. शाळेच्या शर्यतीत धावताना कोसळली होती. याआधीही कुत्रं मागं लागलं तेव्हा अशीच पडली होती. फिट येतात म्हणून तिला कित्येक महिने त्याच गोळ्या चालू होत्या. आमच्याकडे डॉक्टर मीनाक्षी म्हणून मदुरैच्या बाई होत्या. सगळे त्यांना डॉक्टरअम्मा म्हणत. त्यांनी मुलीला पाहिलं, बहिरेपणाची चौकशी केली आणि म्हणाल्या, “राव, आधी हिचं ई.सी.जी. काढ.”

बहिऱ्या मुलीशी बोलायचं कसं? मी एक तार माझ्याच मनगटाला लावून दाखवली आणि मेल्यासारखी जीभ बाहेर काढली. ती खदखदून हसली. मग गुमान झोपली.

पट्टी बाहेर आली तशी मला वाटलं, कागदाचा वेग बिघडला. डॉक्टरअम्मांनीही तेच विचारलं. मी कळ पाहिली, वेग बरोबर होता. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, पट्टीशेजारी फूटपट्टी ठेवली आणि एकेक ठोका मोजू लागल्या.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लाट. लाट येते, हृदय आवळतं, मग पुढच्या लाटेसाठी त्याला पूर्ववत व्हावं लागतं. त्या पूर्ववत होण्याला चंद्राच्या हृदयाला फार वेळ लागत होता. अशा वेळी धावण्यानं, पोहण्यानं किंवा धसक्यानं पुढची लाट मधेच आली, तर हृदयाचा ताल सुटतो, ते नुसतं फडफडत राहतं, माणूस कोसळतो. ताल आपोआप परत आला तर लोक म्हणतात फिट आली होती. नाही आला तर दुसरं काहीतरी म्हणतात.

“अजून मुलं?” डॉक्टरअम्मांनी विचारलं.

सरोजानं मान खाली घातली. कृष्णराव म्हणाले, “एक मुलगा होता. तोही बहिरा. कालव्यांत बुडाला.”

“पाणी किती होतं?”

“कमरेइतकं,” ते म्हणाले.

चंद्राच्या फिटच्या गोळ्या बंद होऊन हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. हे दुखणं रक्तातून येतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांची पट्टी काढायला हवी, असं डॉक्टरअम्मा म्हणाल्या. मी मराठी असल्यामुळं घरच्यांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

घराची रचना सोपी होती. गावात रंगाराव म्हणून निवृत्त हेडमास्तर, त्यांची पत्नी तुळसाबाई. त्यांना दोन मुली, सरोजा आणि लीला. तुळसाबाईंना दोन धाकटे भाऊ, कृष्णराव आणि गोविंद. मोठ्या मुलीचं लग्न मोठ्या मामाशी झालं होतं. धाकटीचं धाकट्या मामाशी ठरलं होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकून कसंसं होईल, मला कल्पना आहे. आम्ही इथं येऊन तीनशे वर्षं झाली. कॉफीला कापी म्हणू लागलो, धोतराच्या जागी वेष्टी घेतली, तशी सोयरीकही इथलीच घेतली. इकडे भाचीवर पहिला हक्क मामाचा. मामानं नाही म्हटल्यावरच बाहेरचा मुलगा बघायचा. लीला आणि गोविंद यांच्यात तर हक्काचा प्रश्नच नव्हता. गोविंद बँकेत लागला होता आणि पहिल्या पगारात त्यानं लीलाला सायकल आणून दिली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

रंगारावांची साठीशांत पुढच्याच महिन्यात होती. साठ वर्षं पुरी झाली की इकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात, सगळे भाऊबंद जमतात. डॉक्टरअम्मांनी तोच दिवस धरला. रंगाराव म्हणाले, “या. पण भाऊबंदांच्या मुलींस बघायला येणारी माणसंही त्यांत असतील. यंत्र मागल्या दारानं आणा.”

तसं आम्ही ते केळीच्या घडांबरोबर मागल्या दारानं आत नेलं. विजेचा दाब कमीजास्त होत होता, रेघ सारखी केसाळ येत होती. शेवटी मी अर्थिंगसाठी एक तार परसातल्या हातपंपाला बांधली, तेव्हा कुठं ती शुद्ध झाली. दुपारी पंगती उठल्या. पुरुषांचं सोपं होतं, जानवं बाजूला सारलं की झालं. गोंधळ नावांचा होता. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळं चार रंगाराव निघाले. मी कार्डांवर लिहिलं, रंगाराव मोठे, रंगाराव मदुरै, रंगाराव चष्मा, आणि चौथा स्वतःच म्हणाला, “मज ‘रंगाराव सुंदर’ लिही.”

बायकांचं अवघड होतं. डॉक्टरअम्मा पुढच्या खोलीत एकेकाचं रक्त घेत होत्या, आणि परक्या पुरुषापुढं बायका कशा झोपतील? मग आतल्या खोलीत साडीचा पडदा बांधला. यंत्र घेऊन मी अलीकडे, बायका पलीकडे. तारा लावायला कोण? पडद्यामागून आवाज आला, “मी लावतें. तुम्ही सांगा.”

ती लीला. तोंड दिसलं नव्हतं, नुसता आवाज.

“लाल तार उजव्या मनगटास,” मी म्हणालो.

“माझ्या उजव्या की अत्तेच्या?”

“झोपलंय कोण?”

“अत्ता.”

“मग अत्तेच्या.”

पलीकडे हशा पिकला. अत्ता, म्हणजे तिची आत्या, म्हणाली, “अय्यो, हसवूं नका ग, मज करंट लागेल!”

“पिवळी डाव्या हातास, हिरवी डाव्या पायास, काळी उजव्या,” मी सांगत गेलो. छातीवर रबरी फुगा कुठं दाबून बसवायचा, हे सांगताना माझे कान तापले. तिनं मात्र बरगड्या मोजून नेमका बसवला.

“तुम्हांस दिसत नाही,” ती म्हणाली, “मग मी चुकलें तर कळायचं कसं?”

“रेघ उलटी येते.”

“आली काय?”

“अजून नाही.”

“येणारही नाही,” ती म्हणाली.

आली नाही. माझ्या साऱ्या नोकरीत ती दुपार मला सगळ्यांत आनंदाची वाटते. परसात भांडी घासल्याचा आवाज, विड्याच्या पानांचा वास, पडद्यामागून एकेक नाव येतंय आणि सुई टिकटिक करतेय. शेवटी ती म्हणाली, “आतां माझी,” आणि सरोजानं तिला तारा लावल्या. तिची पट्टी बाहेर आली. सरळ, नेटकी, पाठ्यपुस्तकात छापावी अशी.

दोन दिवसांनी डॉक्टरअम्मांनी सगळी कार्डं मांडली. तुळसाबाईंची, कृष्णरावांची, सरोजाची आणि गोविंदची, या चौघांच्या रेघा लांबलेल्या होत्या. चौघांनाही ऐकू नीट येत होतं, चौघंही कधी कोसळले नव्हते. लीलाची बरी होती.

घरी जाऊन सांगायचं माझ्यावर आलं. डॉक्टरअम्मा सोबत होत्या, पण ओसरीवर बसून मराठीत बोलत होतो मी. रंगाराव, तुळसाबाई, गोविंद समोर, लीला दाराशी. डॉक्टरअम्मांनी दाखला शेताचा दिला. भाताच्या वाफ्यात पाणी घेतलं की ते बाहेर सोडायलाही वाट लागते. हृदयाच्या प्रत्येक पेशीला तशा बारीक वाटा असतात. त्या कशा बांधायच्या, याची एक आज्ञा आईकडून येते, एक वडिलांकडून. एक आज्ञा चुकीची आली, तर निम्म्या वाटा बुजलेल्या. पाणी उतरतं, पण उशिरानं. दोन्ही चुकीच्या आल्या, तर पाणी तुंबतं. कानातही तशाच वाटा असतात, म्हणून मूल बहिरं जन्मतं. चूक तुळसाबाईंच्या माहेरून आली आहे. नात्यात लग्न केल्यानं ती उपजत नाही. पण एकाच घरातली चूक दोन बाजूंनी येऊन एका मुलात भेटू शकते.

“लीलाची पट्टी बरी आहे ना?” रंगारावांनी विचारलं.

“आहे.”

“मग? लग्नास काय हरकत?”

मी डॉक्टरअम्मांकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं तेच मी म्हणालो, “पट्टी बरी असूनही चूक रक्तात असूं शकते. तसं असलं तर त्यांच्या चार मुलांत एक चंद्रासारखं होण्याचं भय. रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबावं.”

“तू आपला,” तुळसाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “डाक्टर जाऊं देत. तुज काय वाटतं?”

“मजही तेंच वाटतं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा उलटंसुलटं करून पाहिलं आहे. त्यात चूक काही नाही. आजही कुठलाही डॉक्टर तेच सांगेल. पण पडद्यामागच्या त्या आवाजानं माझ्या मनात तोवर घर केलं होतं. ते नसतं, तर मी तेच वाक्य जरा हळू म्हटलं असतं का, थोडी आशा त्यात ठेवली असती का, हे मला ठरवता आलेलं नाही.

रक्त बेंगळूरमार्गे एका परदेशी प्रयोगशाळेत गेलं होतं. असल्या दुखण्यांतल्या चुका नेमक्या कुठं असतात, हे त्याच सुमारास उलगडू लागलं होतं आणि तपासणी संशोधनाचा भाग म्हणूनच व्हायची. डॉक्टरअम्मा बूथवरून फोन लावायच्या. उत्तर एकच, काम चालू आहे. मुहूर्त पुढं ढकलला, मग आणखी पुढं. वर्ष उलटून गेलं. गावात कुजबूज सुरू झाली, की लीलात काहीतरी खोट आहे.

एके दिवशी गोविंद नर्सिंग होममध्ये आला. रोगी नव्हते. तो टेबलावर बसला, पाय हलवत.

“मी नाही म्हणून सांगितलं घरीं,” तो म्हणाला.

“निकाल यायचाय अजून.”

“कधीं येणार? तिचे केस पांढरे झाल्यावर? आणि राव, सरोजाचा मुलगा कालव्यांतून बाहेर कोणी काढला, ठाऊक आहे तुज? मीं. शर्ट धरून उचलला. माझ्या पोरास मी तसा उचलणार नाही.” मग एकदम आवाज बदलून म्हणाला, “आतां मामानं सोडली, तर नवरा शोधायचं कामही मामाचंच. तुझं लग्न ठरलंय काय कुठं?”

मी तारांचा गुंता सोडवू लागलो.

“झोप,” तो म्हणाला.

“काय?”

“झोप टेबलावर. पत्रिका मागाहून बघूं. आधीं तुझी पट्टी काढतों. तार कुठली कुठं तें सांग.”

मी झोपलो. त्यानं लाल तार डाव्या हाताला लावली, रेघ उलटी आली, आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना माझ्या छातीत जे काय चाललं होतं ते सगळं कागदावर उमटलं. डॉक्टरअम्मांनी पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, “नवऱ्यामुलाचं हृदय चांगलं आहे. जरा जोरात धावतंय.”

लीलाला मी लग्नाआधी एकदाच विचारलं, तुझ्या मनाविरुद्ध तर नाही ना. ती म्हणाली, “मामानं विचारून झालंय. तुम्ही नका विचारूं.” लग्नात मामानं नवरीला हात धरून अंतरपाटाशी आणायचं असतं. गोविंदनं आणलं. हात सोडताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल आला तेव्हा लीलाला पाचवा महिना होता. डॉक्टरअम्मांनी मला खोलीत बोलावलं. तुळसाबाई, कृष्णराव, सरोजा, गोविंद, चौघांत एकेक चूक. चंद्रात दोन. लीलात एकही नाही.

“अभिनंदन, राव,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मुलाला यातलं काहीच येणार नाही.”

बायको निरोगी आहे, पोटातलं मूल सुरक्षित आहे, हे ऐकून माणसाला पहिल्यांदा आनंद व्हायला हवा. मला झाली ती धास्ती. लीलात चूक नव्हती. तिचं गोविंदशी लग्न झालं असतं, तरी चंद्रासारखं मूल होणार नव्हतं. आता हे त्या दोघांना सांगायचं होतं, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, माझ्या मनात आलं की कशाला सांगायचं. डॉक्टरअम्मांसमोर उभा राहून मी हसत होतो आणि हा विचार करत होतो. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण तो क्षण काही जुना होत नाही.

मी घरी न जाता आधी बँकेत गेलो. जेवणाची सुट्टी होती. गोविंद मागच्या कडुलिंबाखाली डबा उघडून दहीभात खात होता.

“काय रे, तोंड असं कां?” तो दचकून उठला. “लीलास कांहीं झालं?”

“नाही. निकाल आलाय. तिच्यांत कांहीं नाही.”

तो उभाच राहिला. मग हळूहळू खाली बसला.

“म्हणजे पोरास भय नाही?”

“नाही.”

“हें आधीं सांगावं, वेड्या! जीव गेला माझा तुझं तोंड बघून.” त्यानं डब्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. भात तसाच राहिला होता. “तिला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“चल,” तो म्हणाला. “मीही येतों.”

मॅनेजरला काहीतरी सांगून तो निघाला. माझ्या मोपेडवर तो मागं बसला. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. लीला दारात बसून शेवग्याच्या शेंगा चिरत होती. आम्हा दोघांना एकत्र, असं अवेळी पाहून ती विळीवरून उठली.

निरोप माझ्याकडे होता, पण बोलला गोविंद. “काय ग,” तो म्हणाला, “रक्ताचा निकाल आला. तूं बरी आहेस म्हणे.”

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदराला हात पुसले.

“बरीच होतें मी, मामा,” ती म्हणाली.

मग आत जाऊन तिनं तिघांची कापी केली. गोविंद पेला हातात धरून पुढच्या महिन्यातल्या डोहाळजेवणाविषयी बोलत राहिला, कोणाकोणाला बोलवायचं, मदुरैचा रंगाराव येईल की नाही. माझ्या पेल्यात साखर घालायची ती विसरली होती. मी मागितली नाही.